मर्जर मोडलं तर ग्राहकाचं काय होतं? आधी ते का मोडलं ते बघा

प्रश्न असा आहे की दोन मोबाइल कंपन्यांनी एकत्र यायचं जाहीर केलं, वर्ष-दीड वर्ष पेपरात बातम्या आल्या आणि शेवटी सगळं फिसकटलं, तर साध्या सिम वापरणाऱ्या माणसाला त्याने काय फरक पडतो? प्लॅन महागतात का, रेंज जाते का, नंबर लगेच पोर्ट करून टाकावा का?

मी या धंद्यात एकोणीस वर्षं आहे. सुरुवातीची सात-आठ साइटवर गेली, म्हणजे टॉवर, बॅटरी, डिझेल, मायक्रोवेव्ह लिंक हे सगळं, मग नेटवर्क कंट्रोल रूम आणि आता बरीच वर्षं पोर्टिंग आणि इंटरकनेक्टचं, म्हणजे एका कंपनीचे कॉल दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर पोचवायचं, काम बघतो. त्यामुळे शेअर बाजाराच्या बाजूने काय होतं ते मला विचारू नका, तिथे माझेच पैसे बुडालेत, पण ग्राहकाच्या फोनवर काय होतं ते मी जवळून बघितलंय.

एका वाक्यात सांगायचं तर मर्जर मोडलं ही बातमी ग्राहकासाठी चांगलीही असते आणि वाईटही, आणि ती कुठली ते मर्जर मोडायचं कारण ठरवतं. सरकारने किंवा कोर्टाने अडवलं म्हणून मोडलं असेल आणि दोन्ही कंपन्यांच्या खिशात पैसे असतील तर तुम्ही बहुतेक फायद्यात. पैसे संपले, कर्जवाले दारात आले म्हणून मोडलं असेल तर मग तुमच्याकडे मोजून काही आठवडे आहेत असं समजा. लोक दोन्हीला एकाच तराजूत तोलतात तिथेच घोळ होतो.

आता जरा मागे जाऊ, कारण मर्जर मोडतं त्या दिवशी ग्राहकाला काहीच जाणवत नाही, त्रास त्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो. मर्जर जाहीर झाल्याच्या दिवसापासून दोन्हीकडे एक शब्द घुमायला लागतो, 'होल्ड'. मी अशाच एका कंपनीत होतो, नाव जाऊ दे. आमच्याकडे एका चौकातली साइट होती, आजूबाजूला तीन-चार मोठी कॉलेजं नि भरपूर हॉस्टेलं, संध्याकाळी सात ते अकरा तिथे इतका लोड यायचा की फोनवर रेंजच्या कांड्या फुल दिसायच्या पण व्हिडिओ उघडायचा नाही आणि कॉल लावला तर दोनदा तरी कट व्हायचा. उपाय काही रॉकेट सायन्स नव्हता, टॉवरपासून पुढे जाणारी लिंक छोटी पडत होती, तिथे फायबर आणायचा होता, सर्व्हे झालेला, एस्टिमेट झालेलं, रस्ता खोदायची परवानगीसुद्धा मिळालेली. मर्जर जाहीर झालं आणि फाइलवर शेरा आला की समोरच्या कंपनीचा टॉवर तिथून दोनशे मीटरवर आहे, एकत्र झाल्यावर त्यांचीच लिंक वापरू, तोवर होल्ड. हिशोबाने बरोबरच होतं ते. पण 'तोवर' म्हणजे चौदा महिने गेले, त्यानंतर मर्जर मोडलं, आणि खोदाईची परवानगी एव्हाना संपलेली. कस्टमर केअरला रोज तक्रारी येत होत्या आणि तिथल्या पोरांना छापील उत्तर दिलेलं, 'आमची टीम काम करत आहे'. टीम कुठली, आम्हीच होतो टीम, आणि आम्ही होल्डवर होतो.

हे एका साइटचं झालं, असं शेकडो ठिकाणी एकदम होतं. नवीन टॉवर थांबतात, सॉफ्टवेअर अपग्रेड थांबतं, चांगले इंजिनिअर आणि सेल्सवाले दुसरीकडे जॉइन होतात कारण मर्जर झालं की एकाच खुर्चीवर दोघं बसणार आणि एक जाणार हे प्रत्येकाला माहीत असतं. दुकानदार त्या कंपनीचं सिम पुढे करायचं बंद करतो. म्हणजे मर्जर फसलं तरी या मधल्या काळाची किंमत ग्राहकाने भरलेलीच असते, ती परत मिळत नाही.

आता चांगल्या प्रकाराचं उदाहरण घेऊ, आणि ते अमेरिकेतलं आहे. मार्च २०११ मध्ये एटी अँड टीने जाहीर केलं की आम्ही ३,९०० कोटी डॉलर देऊन टी-मोबाइल यूएसए विकत घेतोय. टी-मोबाइलची मालक जर्मनीची डॉयचे टेलिकॉम, तिला अमेरिकेतून बाहेर पडायचं होतं. तेव्हा तिकडे देशभर पसरलेल्या मोठ्या कंपन्या चारच, त्यातली चौथी म्हणजे सगळ्यात स्वस्त असणारीच गिळली जाणार होती. ३१ ऑगस्ट २०११ ला अमेरिकेच्या न्याय खात्याने कोर्टात केस टाकली आणि १९ डिसेंबरला एटी अँड टीने माघार घेतली.

यातला एक किस्सा मला फार आवडतो. एटी अँड टीचा मुख्य मुद्दा असा होता की हे मर्जर झालं तरच आम्हाला ९७ टक्के अमेरिकन लोकांपर्यंत ४जी नेता येईल. मग ऑगस्टमध्ये त्यांच्याच वकिलांचं एक पत्र चुकून थोडा वेळ नियामकाच्या वेबसाइटवर उघड्यावर आलं आणि त्यात लिहिलेलं की ८० टक्क्यांवरून ९७ टक्क्यांवर स्वतःच्या बळावर जायचा खर्च सुमारे ३८० कोटी डॉलर. म्हणजे जे काम ३८० कोटीत होतंय त्यासाठी ३,९०० कोटींची कंपनी घ्यायला निघाले होते. म्हणून मी सांगतो, 'मर्जर झालं तर गावोगाव नेटवर्क देऊ' असं कोणी म्हणालं की आधी विचारावं, नाही झालं तर देणार नाही का? यांनी पुढे स्वतःच्या पैशाने ४जी पसरवलंच ना.

मर्जर मोडल्यावर टी-मोबाइलच्या ग्राहकाला काय मिळालं? सुरुवातीला काहीच नाही, उलट त्रासच. २०११ च्या शेवटच्या तिमाहीत त्यांचे आठ लाखांवर काँट्रॅक्टवाले ग्राहक निघून गेले, आयफोन बाकी तिघांकडे होता आणि यांच्याकडे नव्हता, पुढच्या वर्षी त्यांनी सात कॉल सेंटर बंद करायचं जाहीर केलं. त्या वेळी एटी अँड टीची माणसं म्हणत होती, बघा, आम्हाला घेऊ दिलं असतं तर ही वेळ आली नसती. २०१२ मध्ये मला कोणी विचारलं असतं तर मीसुद्धा कदाचित हेच म्हणालो असतो.

पण करार करताना डॉयचे टेलिकॉमने एक शहाणपणा केला होता, मोडला तर भरपाई काय ते आधीच लिहून घेतलेलं. ती भरपाई ३०० कोटी डॉलर रोख, वर स्पेक्ट्रम, म्हणजे सिग्नल पाठवायच्या रेडिओ लहरींचे हक्क, वर किमान सात वर्षांचा ३जी रोमिंग करार, म्हणजे आपला टॉवर नसेल तिथे एटी अँड टीचं नेटवर्क वापरायचं. या रोमिंगमुळे टी-मोबाइलचं कव्हरेज सुमारे २३ कोटी लोकांवरून २८ कोटींवर जाणार होतं. ग्राहकाच्या दृष्टीने रोख रकमेपेक्षा स्पेक्ट्रम आणि रोमिंग जास्त कामाचं, कारण रोख कुठेही जाते, कर्ज फेडायला जाते, मालकाच्या खात्यात जाते, पण स्पेक्ट्रम नेटवर्कमध्येच लावावा लागतो. आणि मग ज्या कंपनीला आता कोणी विकत घेणार नाही आणि मालक बाहेरही पडू शकत नाही ती जे करते ते तिने केलं, भांडायला उतरली. मार्च २०१३ मध्ये त्यांनी दोन वर्षांचं काँट्रॅक्टच काढून टाकलं, पुढे दुसऱ्या कंपनीचं काँट्रॅक्ट मोडायचा दंड आम्ही भरतो म्हणाले. त्याच सुमारास, जानेवारी २०१४ मध्ये, एटी अँड टीने टी-मोबाइल सोडून येणाऱ्याला ४५० डॉलरपर्यंत क्रेडिट देऊ केलं. विचार करा, जिला विकत घेत होते तिचीच गिऱ्हाईकं आता पैसे मोजून ओढावी लागत होती! २०१६ च्या सुरुवातीपर्यंत त्या चारमधलीच व्हेरायझन आणि एटी अँड टी दोघांनीही ते दोन वर्षांचं जुनं काँट्रॅक्ट बंद केलं. म्हणजे फायदा टी-मोबाइलच्या ग्राहकापुरता राहिला नाही, ज्याने आयुष्यात टी-मोबाइलचं सिम घातलं नाही त्यालाही झाला.

आता आपल्याकडे येऊ. आरकॉम, म्हणजे अनिल अंबानींची रिलायन्स कम्युनिकेशन्स, आणि एअरसेल. सप्टेंबर २०१६ मध्ये दोघांनी वायरलेस धंदा एकत्र करायचा करार जाहीर केला, एअरसेलची मालक मलेशियाची मॅक्सिस. तारीख लक्षात घ्या, त्याच महिन्याच्या ५ तारखेला जिओ सुरू झालेलं, कॉल फुकट, डेटा फुकट. दोन बुडत्यांनी एकमेकांचा हात धरला तेव्हा पाणी आधीच गळ्यापर्यंत आलेलं होतं. करारात दोघांनी प्रत्येकी १४ हजार कोटींचं कर्ज नव्या कंपनीच्या डोक्यावर टाकायचं होतं, म्हणजे नवीन बाळ २८ हजार कोटींचं कर्ज घेऊनच जन्माला येणार. त्यात जानेवारी २०१७ मध्ये एअरसेल-मॅक्सिस खटल्यात सुप्रीम कोर्टाने एअरसेलचा स्पेक्ट्रम दुसऱ्याच्या नावावर करण्यावर बंधन घालायचा इशारा दिला, सप्टेंबरमध्ये नेटवर्कची उपकरणं पुरवणारी एरिक्सन आपल्या थकबाकीसाठी आरकॉमविरुद्ध दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेली, आणि १ ऑक्टोबर २०१७ ला, रविवार होता तो, आरकॉमने जाहीर केलं की मर्जर रद्द.

योगायोग बघा, त्याच १ ऑक्टोबरपासून ट्रायने, म्हणजे आपल्याकडच्या टेलिकॉम नियामकाने, कॉल टर्मिनेशनचा दर १४ पैशांवरून ६ पैसे केला. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी, तुम्ही एका कंपनीवरून दुसऱ्या कंपनीच्या नंबरला फोन लावला की तुमची कंपनी समोरच्या कंपनीला मिनिटामागे हे पैसे द्यायची. ज्यांच्याकडे इनकमिंग जास्त त्यांची ही बसून येणारी कमाई होती, ती एका रात्रीत निम्म्याच्याही खाली आली. मर्जर गेलं आणि कमाईही गेली, एकाच दिवशी.

पुढचा घटनाक्रम असा की १ डिसेंबर २०१७ पासून आरकॉमची कॉलिंग सेवा बंद, म्हणजे मर्जर मोडल्यापासून बरोबर दोन महिने. पोर्ट करायला ट्रायने ३१ डिसेंबरपर्यंत मुदत दिलेली. एअरसेलने सहा सर्कलमधून, म्हणजे मोबाइल परवान्यासाठी पाडलेल्या राज्यांएवढ्या विभागांमधून, गाशा गुंडाळला, त्यात आपलं महाराष्ट्र होतं, गुजरात, मध्य प्रदेश, हरियाणा, हिमाचल आणि पश्चिम यूपी, ३० जानेवारी २०१८ ही तारीख. आणि फेब्रुवारीत तमिळनाडूत जे झालं ते तर कहरच, तिकडे एअरसेल म्हणजे घरची कंपनी, चेन्नईच्या आयपीएल टीमच्या शर्टवर वर्षानुवर्षं नाव होतं, आणि २१ फेब्रुवारीच्या सुमारास एकदम नेटवर्क गायब. दुकानांसमोर रांगा, भांडणं. २८ फेब्रुवारीला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ट्रायने मग पोर्टिंगसाठी १५ एप्रिलपर्यंत मुदत दिली.

लोक विचारतात की अशी चालती कंपनी एका दिवसात कशी बंद पडते? एका दिवसात पडत नाही. टॉवर बहुतेक वेळा मोबाइल कंपनीच्या मालकीचा नसतोच, टॉवर कंपनीचा असतो, आपली कंपनी भाडं, वीज आणि डिझेलचे पैसे देते. भाडं थकलं की नोटीस, मग आठवण, मग एक दिवस टॉवरवाला फक्त त्या कंपनीच्या कॅबिनेटचा ब्रेकर खाली ओढतो, बाकी दोन कंपन्यांची उपकरणं त्याच खांबावर मजेत चालू असतात. मर्जर होणार म्हणून टॉवरवाला वर्षभर थांबलेला असतो, त्याला वाटतं नवीन मोठी कंपनी आली की वसूल होईल. मर्जर मोडल्याची बातमी आली की थांबण्यात अर्थच उरत नाही आणि सगळ्यांच्याच नोटिसा एका महिन्यात निघतात. टॉवरवाला, फायबरवाला, उपकरणं देणारे, इंटरकनेक्टची थकबाकी असलेल्या दुसऱ्या मोबाइल कंपन्या, सगळे. त्यामुळे पहिलं लक्षण बऱ्याचदा हे दिसतं की आपल्या फोनवरून एकाच विशिष्ट कंपनीच्या नंबरना फोन लागत नाहीत, बाकी सगळीकडे लागतात. असं चार दिवस सलग झालं तर हँडसेट रिपेअरला देऊ नका, पोर्टिंगचं बघा.

आणि पोर्टिंगमध्ये नेमकी मेख काय होते ती सांगतो, कारण २०१८ मध्ये याच्यातच लोक अडकले. पोर्ट करायचं तर १९०० वर PORT, स्पेस, आपला नंबर असा एसएमएस टाकायचा, मग आठ अक्षरी यूपीसी कोड येतो, तो नवीन कंपनीला द्यायचा. आता हा एसएमएस जाणार कशावरून? तुमच्या जुन्या कंपनीच्या नेटवर्कवरून. कोड येणारही त्याच्यावरूनच. टॉवर बंद असेल तर दरवाजाची किल्ली घरातच राहिली आणि दार लागलं अशी गत. तेव्हा बाप्ये-बाया बसने वीस-पंचवीस किलोमीटर जात होते, कुठे एक कांडी दिसतेय का बघत, एसएमएस जावा म्हणून. माझ्याकडे तेव्हा पोर्टिंग डेस्क होता, आमच्याकडे येणारे बरेच अर्ज रिजेक्ट व्हायचे आणि कारण एकच, कोडच नाही. एक निवृत्त शिक्षक तीन वेळा आले होते, पेन्शनचं खातं त्या नंबरला जोडलेलं, बँकेत नंबर बदलायला गेले तर ऑनलाइन बदलायला ओटीपी मागतात, तो जुन्या नंबरवर जाणार, आणि शाखेत फॉर्म भरला तर सही जुळत नाही कारण हात थरथरतो. शेवटी त्यांनी नवीन नंबर घेतला आणि पुढचे दोन-अडीच महिने बँक, गॅस, आधार सगळीकडे चकरा मारल्या. फोनचं बिल किती वाढलं याच्यावर लोक तासभर बोलतात पण नंबर गेल्याचा खर्च कोणी मोजत नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा असतो.

डिसेंबर २०१९ पासून नियम बदललेत, कोड आता जुन्या कंपनीकडून निघत नाही, मधली पोर्टिंग चालवणारी संस्था काढते, त्यामुळे जुनी कंपनी मुद्दाम अडवते हा प्रकार बराच कमी झाला. एकाच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस आणि दुसऱ्या सर्कलमध्ये जायचं तर पाच. पण एसएमएस जायला नेटवर्क लागतंच, ते काही बदललेलं नाही.

आता दरांचं बोलू. इथे मला जरा सावध बोलावं लागेल कारण 'मर्जर मोडलं म्हणजे स्पर्धा राहिली म्हणजे दर कमी' हे गणित कागदावर सोपं दिसतं. आरकॉम-एअरसेल मोडलं तेव्हा आपल्याकडे दर वाढले का? नाही, उलट पडत होते, पण त्याचं कारण जिओ. आणि त्याच काळात बाकी सगळे एकमेकांत विरघळत होते, टेलिनॉर इंडिया आणि टाटाचा मोबाइल धंदा एअरटेलमध्ये गेला, ऑगस्ट २०१८ अखेरीस व्होडाफोन-आयडिया एक झाले. कंपन्या कमी झाल्या आणि मग हळूच, २०१८ च्या शेवटी ३५ रुपयांचा किमान रिचार्ज आला, म्हणजे ते लाइफटाइम इनकमिंग संपलं, डिसेंबर २०१९ मध्ये मोठी दरवाढ, मग नोव्हेंबर २०२१, मग जुलै २०२४. एक मर्जर फसलं म्हणून स्पर्धा टिकली असं आपल्याकडे झालं नाही, कारण फसलेल्या मर्जरमधल्या दोन्ही कंपन्याच उरल्या नाहीत. मर्जर झालं असतं तर एक तरी उरली असती का? मला नाही वाटत, २८ हजार कोटींचं ओझं घेऊन जिओसमोर ती वर्ष-दोन वर्षं टिकली असती. पण बंद पडायला वेळ मिळाला असता, लोक शिस्तीत बाहेर पडले असते, रांगा लागल्या नसत्या. एवढाच फरक, आणि तो लहान नाही.

शिवाय जिथे नियामकाने अडवलं तिथेही तो ब्रेक कायमचा नसतो. ब्रिटनमध्ये थ्री आणि ओटू या मोबाइल कंपन्यांचा १,०२५ कोटी पौंडांचा व्यवहार युरोपियन कमिशनने मे २०१६ मध्ये नाकारला, पुढे २०२१ मध्ये ओटू व्हर्जिन मीडियाबरोबर गेली आणि थ्री २०२५ मध्ये व्होडाफोनबरोबर एक झाली. अमेरिकेतही एप्रिल २०२० मध्ये टी-मोबाइलने स्प्रिंटला घेतलंच, चारच्या तीन झाल्या. म्हणजे ग्राहकाला मिळतात ती मधली सात-आठ-नऊ वर्षं. कोणी म्हणेल मग काय उपयोग? अहो, नऊ वर्षांचं फोन बिल म्हणजे काही थोडी रक्कम आहे का?

आणि एक प्रकार असाही असतो की ग्राहकाला कशाचाच पत्ता लागत नाही. २००९ मध्ये एअरटेल आणि दक्षिण आफ्रिकेची एमटीएन यांचं जुळता जुळता मोडलं, तिकडच्या सरकारला त्यातल्या शेअर लिस्टिंगच्या अटी पटल्या नाहीत. पेपरात महिनोन्‌महिने हेडलाइन, पण दोघांचे देश वेगळे, एकही टॉवर सामायिक नाही, त्यामुळे आपल्या फोनवर काडीचा फरक पडला नाही. एअरटेल पुढच्या वर्षी झेनचा आफ्रिकेतला धंदा घेऊन मोकळी झाली.

मग तुम्ही काय करायचं? बातमी आली की आधी कारण वाचा. त्यात स्पर्धा आयोग, नियामक, कोर्टाची केस असे शब्द असतील तर शांत बसा, उलट सहा-आठ महिन्यांनी दोन्हीकडून ग्राहक ओढायला ऑफर येतात का बघा. त्यात थकबाकी, कर्ज, दिवाळखोरी, उपकरणं पुरवणाऱ्याचा दावा असं काही असेल तर त्याच आठवड्यात पोर्टचा एसएमएस टाका. सगळे करतील तेव्हा बघू असं म्हणू नका, सगळे एकदम करतात तेव्हाच सिस्टिम बसते. नंबर ९० दिवसांपेक्षा जुना हवा, पोस्टपेडचं बिल भरलेलं हवं, आणि सिम हरवून नवीन घेतलं असेल तर जुलै २०२४ पासून सात दिवस थांबावं लागतं, हे शेवटचं लोकांना माहीत नसतं. आजारी कंपनी अचानक स्वस्तात वर्षभराचा पॅक देऊ लागली तर तो घेऊ नका, तिला आज रोख हवीय म्हणून ती देतेय, आणि पोर्ट केलं की राहिलेला बॅलन्स, व्हॅलिडिटी काही पुढे येत नाही. आरकॉम-एअरसेलच्या वेळी राहिलेला बॅलन्स आणि पोस्टपेडचं डिपॉझिट परत करा असं ट्रायने सांगितलं होतं, पण दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीकडून पैसे निघणं म्हणजे दगडातून पाणी काढणं, शंभर-दोनशे रुपयांसाठी कोण मागे लागणार. पोस्टपेडवाल्यांनी शेवटचं बिल भरल्याची पावती मात्र जपून ठेवा, कंपनी बंद झाल्यावर दोन-दोन वर्षांनी वसुलीवाल्यांचे फोन आलेले मी बघितलेत.

घरात कोणाकडे कीपॅड फोन असेल तर अजून एक. त्यांचे नंबर बहुतेक सिमवर सेव्ह असतात, फोनमध्ये नाही. नवीन सिम घातलं की सगळी यादी रिकामी दिसते आणि मग घरात गोंधळ. पोर्ट व्हायच्या आधी ते नंबर फोनमध्ये कॉपी करून घ्या, राहिलंच तर जुनं सिम बंद झालं तरी फोनमध्ये घातल्यावर त्यावरचे नंबर वाचता येतात, त्यामुळे ते लगेच फेकू नका, महिनाभर डबीत राहू द्या.